रोजंदारीवरचा आघाडीपटू

९ डिसेंबर २००६. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या बोर्नमथ या गावात डिसेंबरातला एक शनिवार. घरच्या संघासमोर पोर्ट व्हेल. सामना तिसऱ्या स्तरावरचा. घरच्या संघाकडून आघाडीला खेळणाऱ्या माणसाचं वय चाळीस वर्षं आणि आठ महिने. मोजे घोट्यापर्यंत घसरलेले, शर्ट बाहेर आलेला. तो मोठा खेळाडू होता म्हणून त्याला संघात घेतलेलं नव्हतं. त्याचे ९९९ सामने भरले होते आणि हजारावा भरण्यासाठी कुणीतरी त्याला मैदानावर उतरवणं आवश्यक होतं. २२ वर्षांपूर्वी ज्या क्लबमधून त्याची फुटबॉल लीगमधली नोकरी सुरू झाली त्याच क्लबने ते काम केलं. निकाल : बोर्नमथ शून्य, पोर्ट व्हेल चार.

त्याचं नाव स्टीव्ह क्लॅरिज. भारतात हे नाव ऐकलेला माणूस भेटणं कठीण. इंग्लंडमध्येही त्याची ओळख लेस्टर, केम्ब्रिज, बर्मिंगहॅम, पोर्टस्मथ अशा गावांपुरती, आणि पुढे रेडिओ-टीव्हीवरचा समालोचक म्हणून. देशाकडून तो एकदाही खेळला नाही. तरीही इंग्रजी फुटबॉलचा इतिहास लिहायचा तर मी पेले-चार्ल्टनच्या आधी या माणसाचा पगार कुणी दिला, किती दिला आणि का थांबवला इथून सुरुवात करीन. खेळाचा इतिहास आपण विजेत्यांच्या यादीवरून वाचतो. पण इंग्लंडमध्ये चार स्तरांत मिळून ९२ व्यावसायिक क्लब आहेत आणि करंडक दर वर्षी दोन-चारच असतात. उरलेले लोक काय करत असतात? ते कामावर जात असतात.

अशा खेळाडूला इंग्रजीत जर्नीमन म्हणतात. हा शब्द मराठीत आणताना पहिली चूक होते ती ‘फिरस्ता’ म्हणण्याची. शब्दात ‘जर्नी’ आहे, आणि हे खेळाडू गावोगाव फिरतातही, त्यामुळे अर्थ जुळल्यासारखा वाटतो. प्रत्यक्षात शब्दाचं मूळ फ्रेंच ‘जूर्ने’मध्ये आहे, म्हणजे एक दिवस, एका दिवसाचं काम. जुन्या युरोपीय कारागीर-संघांत उमेदवारी संपवलेला पण स्वतःचं दुकान न थाटलेला, दुसऱ्याच्या दुकानात दिवसाच्या मजुरीवर राबणारा कारागीर म्हणजे जर्नीमन. काम येतं, हात तयार आहे, पण दुकान मालकाचं. ‘भाडोत्री’ म्हटलं तर त्यात शिवी आहे, ‘पोटार्थी’ म्हटलं तर कीव आहे. मला ‘रोजंदार’ बरा वाटतो. आपल्याकडच्या संगीत नाटक कंपन्यांमध्ये असे नट असत. आज या कंपनीत, उद्या त्या कंपनीत, प्रधानापासून दरवानापर्यंत पडेल ते काम करणारे. गंधर्वांचा इतिहास लिहिला गेला. या नटांची नावं जाहिरातीच्या तळाशीसुद्धा सापडत नाहीत.

मात्र रोजंदाराला निदान दुसऱ्या दुकानात जाता येतं. इंग्रजी फुटबॉलपटूला सुमारे सत्तर वर्षं तेही करता येत नव्हतं.

१८९३ पासून फुटबॉल लीगमध्ये नोंदणीची एक पद्धत रुजली. खेळाडूचा करार वर्षाचा असे. वर्ष संपलं की क्लब ठरवणार : याला ठेवायचं, विकायचं की सोडायचं. ‘ठेवायचं’ असं ठरलं आणि देऊ केलेला पगार खेळाडूला मान्य नसला, तरी त्याची नोंदणी क्लबकडेच राहायची. तो दुसरीकडे खेळू शकत नसे, आणि करार संपलेला असल्यामुळे पगारही बंद. आपल्याकडचा सालगडी पाडव्याला मालक बदलू शकत असे. अंगावर उचल नसेल तर, एवढीच अट. इंग्रजी फुटबॉलपटूला पाडवा नव्हता. वर १९०१ मध्ये पगाराची कमाल मर्यादा आली, आठवड्याला चार पौंड. पुढे ती रडतखडत वाढत गेली आणि १९५८ मध्ये वीस पौंडांवर येऊन थांबली. स्टेडियममध्ये पन्नास हजार माणसं पैसे मोजून बसलेली असोत की पाच हजार, मैदानातल्या माणसाला वीस पौंडांच्या वर मिळणार नाहीत हा नियम.

त्या काळातला आघाडीपटू कसा असे ते पाहायचं तर आर्थर रॉली पाहावा. १९२६ मध्ये वुल्व्हरहॅम्प्टनला जन्मलेला, अंगाने भरभक्कम, डाव्या पायात तोफ असलेला माणूस. इंग्लिश लीगच्या इतिहासात सर्वाधिक गोल कुणाचे, असं कुठल्याही क्रीडाप्रश्नमंजूषेत विचारलं तर शंभरातले नव्वद लोक चुकतील. उत्तर रॉली. वेस्ट ब्रॉमविचसाठी ४, फुलहॅमसाठी २७, लेस्टरसाठी २५१ आणि श्रूजबरीसाठी १५२, असे ६१९ सामन्यांत ४३४ गोल. हा विक्रम आजही उभा आहे. त्यातले बहुतेक गोल पहिल्या श्रेणीच्या खाली झालेले. इंग्लंडच्या मुख्य संघाकडून तो एकही सामना खेळला नाही. थोरला भाऊ जॅक मात्र मँचेस्टर युनायटेडकडून आणि देशाकडूनही खेळला. एकाच घरातल्या दोन आघाडीपटूंपैकी एकाकडे करंडक आणि दुसऱ्याकडे आकडा, अशी ती वाटणी.

रॉलीने डिक्सी डीनचा ३७९ गोलांचा विक्रम एप्रिल १९६१ मध्ये मोडला, तोही तिसऱ्या श्रेणीत श्रूजबरीकडून खेळताना. त्याच वर्षी जानेवारीत, खेळाडूंच्या संघटनेने संपाची तयारी केल्यावर, वीस पौंडांची मर्यादा उठली होती. संघटनेचा अध्यक्ष जिमी हिल हाही आघाडीलाच खेळणारा. काही महिन्यांत फुलहॅमच्या जॉनी हेन्सला आठवड्याला शंभर पौंड मिळू लागले. रॉली तेव्हा पस्तिशीला आला होता. एकोणीस वर्षांच्या कारकिर्दीत चार क्लब! आज एखादा आघाडीपटू तीन वर्षांत तेवढे करतो. रॉली एकनिष्ठ होता असं म्हणून कुणी डोळे पुसू नयेत. एकनिष्ठ राहण्याखेरीज त्या काळात दुसरा नियमच नव्हता.

तो नियम मोडला तोही एका आघाडीपटूने. जॉर्ज ईस्टहॅमला न्यूकॅसल सोडायचं होतं, क्लब सोडेना. त्याने खेळणं थांबवलं, दुसरी नोकरी धरली आणि पुढे क्लबला कोर्टात खेचलं. १९६३ मध्ये न्यायमूर्ती विल्बरफोर्स यांनी निकाल दिला की, करार संपल्यावरही खेळाडूला अडकवून ठेवणं म्हणजे त्याच्या धंद्याची अवाजवी कोंडी आहे. १९७८ मध्ये करार संपलेल्या खेळाडूला दुसरीकडे जाण्याचा हक्क मिळाला, किंमत मात्र नव्या क्लबने जुन्याला मोजायची. तीही अट सुटली १९९५ मध्ये, बोस्मान खटल्यात. ज्याँ-मार्क बोस्मान हा बेल्जियममधला अगदी साधा खेळाडू. त्याला फ्रान्समधल्या डंकर्कला जायचं होतं, इतकंच. त्याच्या नावावर लक्षाधीश झालेल्यांपैकी कुणाशीही त्याची कमाई जुळत नाही.

हे सगळं सांगितलं कारण क्लॅरिज बरोबर या सांध्यात उभा आहे. त्याचा जन्म १९६६ चा, पोर्टस्मथचा. त्याच्या पिढीला क्लब सोडता येऊ लागला होता. पण या पिढीबरोबर आणखी एक गोष्ट सुरू झाली. जो सोडून जाऊ शकतो त्याला वेळीच विकून टाकणं शहाणपणाचं, हे क्लबांच्या ध्यानात आलं. आधीचा खेळाडू अडकलेला होता, आता तो फिरता झाला. फिरवणारा हात बहुतेक वेळा त्याचा स्वतःचा नव्हता.

सुरुवात फेरहॅम टाउन या लीगबाहेरच्या छोट्या क्लबात. १९८४ मध्ये बोर्नमथने घेतला, थोडके सामने दिले, सोडला. मग तीन वर्षं पुन्हा लीगबाहेर, वेमथला. १९८८ मध्ये क्रिस्टल पॅलेसने घेतला आणि पहिल्या संघात एकदाही न खेळवता ऑल्डरशॉटला पाठवला.

ऑल्डरशॉट हे ब्रिटिश सैन्याच्या छावणीचं गाव. मैदान एका बागेतून चढून गेल्यावर लागतं. क्लब कायम कर्जात. अशा क्लबात धावणारा, गोल करणारा तरणा आघाडीपटू म्हणजे गोठ्यातली दुभती म्हैस. सावकार दाराशी आला की आधी तिचाच दोर सुटतो. १९९० च्या सुरुवातीला क्लॅरिज केम्ब्रिज युनायटेडला विकला गेला. त्या उन्हाळ्यात क्लब कोर्टाच्या आदेशाने बंद होता होता वाचला आणि २५ मार्च १९९२ रोजी खरोखरच बुडाला. हंगाम चालू असताना. १९६२ नंतर असं पहिल्यांदाच घडत होतं.

इथे एक बाब सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. क्लब मध्येच बुडाला, तेव्हा त्या हंगामातले त्याचे सगळे निकाल लीगने पुसून टाकले. कोष्टक साफ ठेवण्यासाठी ते बरोबरच होतं. पण त्या थंडीत ऑल्डरशॉटविरुद्ध किंवा ऑल्डरशॉटसाठी कुणी गोल केले असतील, तर लीगच्या हिशेबात ते झालेच नाहीत. चौथ्या श्रेणीतल्या आघाडीपटूच्या हाती त्या आकड्याखेरीज दुसरं काय असतं? पुढच्या मालकाकडे जाताना तोच त्याचा दाखला. पाच महिन्यांनी, ऑगस्ट १९९२ मध्ये, सर्वांत वरच्या क्लबांनी वेगळी चूल मांडून प्रीमियर लीग सुरू केली. टीव्हीचा करार पाच वर्षांसाठी ३०४ दशलक्ष पौंडांचा. लोक म्हणतात फुटबॉलचा नवा काळ त्या ऑगस्टात सुरू झाला. मला मार्च महिनाही तेवढाच महत्त्वाचा वाटतो.

केम्ब्रिजला क्लॅरिजला जॉन बेक नावाचा व्यवस्थापक भेटला, आणि या कारकिर्दीतलं सर्वांत चमत्कारिक प्रकरण सुरू झालं.

बेकच्या आधी चार्ल्स रीप या गृहस्थाबद्दल सांगायला हवं. रॉयल एअर फोर्समधला हिशेबनीस. १९५० च्या मार्चमध्ये स्विंडनच्या मैदानावर, एका सामन्यात, त्याने वही-पेन्सिल काढून प्रत्येक चालीची नोंद ठेवायला सुरुवात केली आणि पुढची कित्येक दशकं ते सोडलं नाही. त्याचा निष्कर्ष असा की, बहुतेक गोल तीन किंवा त्याहून कमी पासांच्या चालींतून होतात. म्हणून चेंडू लवकरात लवकर लांब मारावा. या हिशेबात एक ढोबळ चूक होती. फुटबॉलमधल्या बहुतेक चालीच मुळी तीन पासांच्या आत संपतात, तेव्हा बहुतेक गोलही तिथलेच असणार. पण गरीब क्लबांना हा सिद्धान्त परवडण्याजोगा होता. कलावंत विकत घ्यायला पैसे नसले की हिशेबनीस कामाला येतो.

बेकने हा हिशेब टोकाला नेला. मैदानाच्या चार कोपऱ्यांतलं गवत मुद्दाम वाढवलेलं, म्हणजे लांब मारलेला चेंडू बाहेर न जाता तिथे अडावा. मागच्या खेळाडूने चेंडू कोपऱ्याकडे भिरकवायचा, आघाडीपटूने त्या गवताकडे धावायचं, तिथून चेंडू गोलसमोर टाकायचा. सामन्याआधी आपल्याच खेळाडूंच्या अंगावर थंड पाण्याच्या बादल्या. पाहुण्यांच्या खोलीत हीटर भडकवलेला, त्यांच्या चहात साखरेचा मारा. यातल्या काही गोष्टी सांगता सांगता फुगल्या असतील, पण गवत आणि बादल्या त्या संघातल्या खेळाडूंनीच सांगितल्या आहेत. हसू येतं खरं. मात्र हा संघ १९९० आणि १९९१ अशा लागोपाठ दोन वर्षी वरच्या श्रेणीत चढला, आणि १९९२ मध्ये प्रीमियर लीगच्या उंबऱ्यापर्यंत पोहोचला. त्याच्याकडून खेळणाऱ्या डिऑन डब्लिनला मँचेस्टर युनायटेडने उचललं.

या यंत्रात क्लॅरिज बसेना. चेंडू पायात आला की त्याला वळावंसं वाटे, बचावपटूला चकवून आत शिरावंसं वाटे. हुकूम कोपऱ्याकडे धावण्याचा. एकदा त्याने हुकूम मोडला, तेव्हा बेकने सामना जेमतेम सुरू झालेला असताना त्याला बाहेर काढलं आणि कपडे बदलायच्या खोलीत दोघांची हाणामारी झाली. हे क्लॅरिजने स्वतःच आत्मचरित्रात सांगितलं आहे. मला हा प्रसंग त्या काळच्या सगळ्या आकडेवारीपेक्षा मोलाचा वाटतो. रोजंदाराने मालकाची मजुरी घ्यायची, पण हातातलं कसब मालकाच्या पद्धतीपेक्षा वेगळं असेल तर ते टाकून द्यायचं का? गिरणीतल्या कुठल्याही विणकराला हा प्रश्न कळला असता. क्लॅरिजचं उत्तर ठोशाचं होतं, म्हणून ते शहाणपणाचं होतं असं नाही. १९९२ च्या उन्हाळ्यात त्याला ल्यूटनला विकण्यात आलं. ऑक्टोबरात बेकचीच नोकरी गेली. नोव्हेंबरात केम्ब्रिजने क्लॅरिजला परत विकत घेतलं. चार-पाच महिन्यांत तोच माणूस त्याच दुकानातून गेला आणि त्याच दुकानात आला.

१९९४ च्या जानेवारीत बर्मिंगहॅम सिटी. तिथे बॅरी फ्राय हा बडबड्या व्यवस्थापक खेळाडू इतक्या वेगाने विकत घेत आणि विकत असे की, सरावाला आज कोण येणार याचा भरवसा नसे. त्या गर्दीत क्लॅरिज टिकला, गोल करत राहिला, आणि १९९५ मध्ये क्लब तिसऱ्या स्तराचा विजेता होऊन वर गेला. त्याच काळात तो कमाई घोड्यांवर घालवत होता. ही सवय त्याने आत्मचरित्रात लपवलेली नाही. दुपारी सराव संपल्यावर पंचविशीतल्या माणसाकडे मोकळा वेळ असतो, हातात रोख असते, आणि मनात ही जाणीव की पुढच्या वर्षी आपण कुठल्या गावात असू सांगता येत नाही. जुगाराच्या दुकानदाराला याहून चांगलं गिऱ्हाईक मिळत नाही.

मार्च १९९६ मध्ये लेस्टरने त्याच्यासाठी दहा लाख पौंडांच्या वर मोजले. त्याचं वय तीस होत आलेलं. व्यवस्थापक मार्टिन ओ’नील नवा होता आणि प्रेक्षक त्याच्यावर खवळलेले होते. तरी संघ कसाबसा प्ले-ऑफपर्यंत पोहोचला. २७ मे १९९६. वेम्ब्ली, ७३ हजारांवर प्रेक्षक, समोर क्रिस्टल पॅलेस, म्हणजे ज्यांनी त्याला एकदाही न खेळवता पाठवून दिलं होतं तेच. जिंकणाऱ्याला प्रीमियर लीग, हरणाऱ्याला पुन्हा दुसरा स्तर. एक-एक अशी बरोबरी. जादा वेळाचं शेवटचं मिनिट. पेनल्टींसाठी ओ’नीलने झेलिको कालाच हा सहा फूट सात इंचांचा गोलरक्षक मैदानावर उतरवलेला. मधल्या भागातून गॅरी पार्करने फ्री-किक मारली, चेंडू थडकून क्लॅरिजसमोर पडला आणि त्याने वीसेक यार्डांवरून पाय फिरवला.

चेंडू नडगीला लागला. घसरलेल्या मोज्यांमुळे जी नडगी हयातभर उघडीच राहिली होती, तिला. तो विचित्र वळण घेत वरच्या कोपऱ्यात गेला. पॅलेसचा गोलरक्षक नायजेल मार्टिन हललासुद्धा नाही, आणि क्षणभर स्टेडियममध्ये गोल झाला की नाही हेच कुणाला उमगेना. पुढच्या एप्रिलमध्ये लीग कपचा अंतिम सामना मिडल्सब्रोशी. त्यांच्याकडे जुनिन्यो, रावानेली. पहिला सामना बरोबरीत सुटला. फेरसामना शेफील्डला, तोही जादा वेळात गेला, आणि एकमेव गोल क्लॅरिजचा. लेस्टरला ३३ वर्षांनी मोठा करंडक मिळाला. त्या एका वर्षात तो प्रीमियर लीगमध्येही गोल करत होता. वर्षभर का होईना, दुकान त्याचं होतं.

मग काय झालं? १९९८ च्या जानेवारीत, म्हणजे त्या गोलाला वर्षही झालेलं नसताना, पोर्टस्मथला उसनवार. मार्चमध्ये वुल्व्हजला विक्री. ऑगस्टमध्ये पुन्हा पोर्टस्मथ. यात कुणाचा दुष्टपणा शोधण्याची गरज नाही. तो बत्तिशीचा होता, लेस्टरकडे तरुण एमिल हेस्की होता, आणि आघाडीपटूची किंमत उतरायच्या आत ती वसूल करणं हे हिशेबात बसत होतं.

याच सुमारास, १९९९ मध्ये, याच जगात एक भारतीय आघाडीपटू दाखल झाला. बायचुंग भुतियाने मँचेस्टरच्या उत्तरेला असलेल्या बरी या क्लबशी करार केला. क्लब नुकताच तिसऱ्या स्तरावर घसरलेला. युरोपातल्या क्लबशी व्यावसायिक करार करणारा पहिला भारतीय म्हणून त्याचं नाव घेतलं जातं. त्याआधी १९३६ मध्ये मोहम्मद सलीम ग्लासगोच्या सेल्टिककडून अनवाणी खेळून परत आला होता, पण ती पाहुणेगत होती. भारतातल्या बातम्यांत भुतियाचं जाणं ‘इंग्लिश फुटबॉलमध्ये भारतीय’ असं झळकलं. बरीमध्ये ते एका कामगारवस्तीतल्या क्लबने स्वस्तात घेतलेल्या आघाडीपटूचं येणं होतं. कोलकात्यात साल्ट लेकवर लाखाच्या घरात माणसं ज्याला पाहायला येत, तो इथे काही हजार लोकांसमोर, चिखलात, बहुधा राखीव म्हणून उतरायचा. पहिला गोल एप्रिल २००० मध्ये, चेस्टरफील्डविरुद्ध. तीन हंगामांत लीगचे ३७ सामने, ३ गोल. आपल्याकडे याला अपयश म्हणायची पद्धत आहे. मला त्यात भुतियाचं धाडस दिसतं. घरी राजा असलेला माणूस तिकडे रोजंदारीवर राहिला, आणि ते काम किती अवघड असतं हे आपल्यापैकी पहिल्यांदा त्याला अंगाने कळलं.

२००२ च्या वसंतात आयटीव्ही डिजिटल ही टीव्ही कंपनी बुडाली. तिच्याकडून खालच्या तीन स्तरांच्या क्लबांना १७ कोटी ८५ लाख पौंड यायचे होते. ते आले नाहीत. क्लबांनी ते पैसे आधीच पगारांत धरलेले होते. त्या उन्हाळ्यात शेकडो खेळाडूंचे करार संपले आणि नवे झाले नाहीत. बरीचा कारभार प्रशासकाकडे गेला, भुतिया मायदेशी परतून मोहन बागानकडे आला. सतरा वर्षांनी, ऑगस्ट २०१९ मध्ये, कर्जापायी बरीला लीगमधून काढून टाकण्यात आलं. ज्या कोष्टकात भारतीय माणसाचे तीन गोल आहेत, त्या कोष्टकात आता तो क्लब नाही.

क्लॅरिजच्या उतरणीत दोन थांबे मात्र वेगळे. २००० च्या ऑक्टोबरात त्याच्या जन्मगावच्या क्लबने, पोर्टस्मथने, त्याला खेळाडू-व्यवस्थापक केलं. पुढच्या फेब्रुवारीत काढलं. मग मिलवॉलला दोन बरे हंगाम. २००३ मध्ये वेमथला तो पुन्हा खेळाडू-व्यवस्थापक झाला. तिथला अध्यक्ष होता इयान रिडली हा पत्रकार, क्लॅरिजच्या आत्मचरित्राचं लेखन करणारा. चरित्रनायकाला नोकरी देणारा चरित्रकार साहित्याच्या इतिहासात फारसा सापडणार नाही. २००५ च्या जूनमध्ये मिलवॉलने त्याला व्यवस्थापक नेमलं आणि ३६ दिवसांनी, हंगामातला एकही सामना झालेला नसताना, दूर केलं. क्लबचे मालक-अध्यक्ष बदलले की व्यवस्थापक बदलतो. रोजंदाराचं दुकान कधीतरी आपलं होईल ही आशा त्या ३६ दिवसांत संपली असावी, असा माझा अंदाज.

त्या नोकरीच्या आधीही आणि नंतरही तो पायांवरच विसंबून होता. ब्रायटन, ब्रेंटफर्ड, वायकम, जिलिंगहॅम, ब्रॅडफर्ड, वॉल्सॉल. २००४ ते २००६ या दोन हंगामांतले हे क्लब. वय अडतीस ते चाळीस. कुठे महिनाभर, कुठे काही महिने. नकाशावर ही गावं जोडली तर रेघ इंग्लंडभर उभी-आडवी धावते. या टप्प्यावर कुणी त्याला विकत घेत नव्हतं, विकतही नव्हतं. आघाडीचा माणूस दुखापतीत अडकला की फोन यायचा. सत्तर वर्षांच्या झगड्यातून जे स्वातंत्र्य खेळाडूंनी मिळवलं होतं, ते त्याला आता पूर्णपणे मिळालं होतं. करार तात्पुरता, बांधीलकी कुणाचीच नाही.

आणि तरीही तो गेला, दर वेळी गेला. पैशासाठी म्हणावं तर तेव्हा तो समालोचनातून कमावत होता. विक्रमासाठी म्हणावं तर हजारावा सामना झाल्यावर थांबायला हवं होतं. त्या ०-४ च्या पराभवानंतर त्याने बूट खुंटीला टांगले असते, तर लेखाला शेवट मिळाला असता. पण तो पुन्हा लीगबाहेरच्या क्लबांत गेला. २०१५ मध्ये जुना क्लब मोडून नव्याने उभ्या राहिलेल्या सॉल्सबरीचा तो व्यवस्थापक झाला. तिथे पन्नाशी ओलांडलेला क्लॅरिज पुन्हा एकदा आघाडीला गेला. मोजे खालीच होते.